महानसापासून मेनूकार्डापर्यंत

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाचा आरंभ राजाच्या स्वयंपाकघरापासून होतो. महानस कोणत्या जागी असावे, ते किती स्वच्छ असावे, तेथे कामास कोणती माणसे ठेवावीत आणि त्या सर्वांवर देखरेख करणारा वैद्य कसा असावा, याचे तपशीलवार विवेचन तेथे आहे. विषापासून राजाचे रक्षण हे त्याचे निमित्त. परंतु अन्न शिजते तेथे वैद्याची दृष्टी असली पाहिजे, हा त्यामागील विचार विषापुरता मर्यादित नाही.

आज आमच्या रुग्णांचे अन्न अनेक महानसांत शिजते. घरचे एक, कचेरीतील उपाहारगृहाचे दुसरे, आणि शनिवार-रविवारी वसाहतीतील वातानुकूलित, मंद दिव्यांच्या रेस्तराँचे तिसरे. या तिसऱ्या महानसाशी आमचा संबंध आजवर एकाच वाक्यापुरता होता. आमच्या छापील पथ्यपत्रकाच्या तळाशी ते वाक्य असे : ‘हॉटेलमधील पदार्थ पूर्णतः वर्ज्य.’ वीस वर्षे आम्ही ते पत्रक रुग्णांच्या हाती देत आलो. त्या वाक्याने आमची कशी दिशाभूल केली, ते या लेखात सांगावयाचे आहे.

एक प्रकरण

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ अम्लपित्ताच्या तक्रारीसाठी आमच्या पुण्यातील चिकित्सालयात येत असत. छातीत जळजळ, आंबट ढेकर, सकाळी उठताना डोके जड. शमन चिकित्सा सुरू केली. बुधवार-गुरुवारपर्यंत बरे वाटे आणि सोमवारी लक्षणे पुन्हा पहिल्यासारखी. ‘पथ्य चालू आहे ना?’ या प्रश्नास प्रत्येक वेळी ‘हो’ असेच उत्तर येई. आम्ही सूतशेखराची मात्रा वाढविली, नंतर कामदुधा जोडली, नंतर विरेचनाचा विचार करू लागलो. असे पाच महिने गेले.

एकदा त्यांच्या सूनबाई सोबत आल्या आणि त्यांनी सहज सांगितले, ‘शनिवारी रात्री आम्ही सगळे बाहेर जेवतो. बाबाही सगळं मागवतात, पण तुम्हांला सांगू नका म्हणतात.’ गृहस्थ खजील झाले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘डॉक्टर, मुलगा आठवडाभर घरी जेवायलाही नसतो. शनिवारी दोन तास समोर बसतो, बोलतो. तेवढं मात्र बंद करायला सांगू नका.’

आम्ही निरुत्तर झालो. रुग्ण खोटे बोलला हे खरे. परंतु त्यास खोटे बोलणे भाग पाडणारे वाक्य आमचेच होते. जे पाळणे त्यांना शक्य नव्हते, ते आम्ही आज्ञेच्या स्वरूपात लिहून दिले आणि त्यांनी लपविलेल्या इतिहासाच्या आधारे औषधे वाढवीत राहिलो. हेतुसेवन चालू असता शमन निष्फळ ठरते, हे विद्यार्थ्यास सांगणारे आम्ही, हेतूच विचारावयास विसरलो होतो.

मग आम्ही विचारले, ‘बरे, मागविता काय?’ त्यांनी पाच-सहा पदार्थ सांगितले. त्यांतील निम्म्या पदार्थांत काय काय असते, हे आम्हांस ठामपणे सांगता येईना. पुढील शनिवारी त्यांच्या आग्रहास मान देऊन आम्ही त्यांच्याच टेबलावर जेवावयास बसलो.

चार रस, साठ भाज्या

मेनूकार्ड जाडजूड होते. भाज्यांचीच संख्या साठाच्या घरात. कुटुंब नेहमीचे गिऱ्हाईक असल्याने मुख्य आचारी टेबलाशी आले आणि आम्ही वैद्य आहोत हे कळल्यावर हातचे न राखता बोलले. त्यांच्या सांगण्याचा सारांश प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवावा असा आहे. भाज्या साठ असल्या तरी त्यांच्या मुळाशी ग्रेव्ही चारच असतात आणि त्या आधीच तयार करून ठेवलेल्या असतात. टोमॅटो, काजू, लोणी व क्रीम यांची लाल ‘मखनी’. काजू, मगज व उकडलेला कांदा यांची पांढरी. परतलेला कांदा-टोमॅटोची पिवळी किंवा तपकिरी. आणि पालकाची हिरवी. ऑर्डर आली की पनीर, कोफ्ता अथवा मिश्र भाज्या त्यांपैकी एकीत पडतात. रुग्णाने कोणती भाजी खाल्ली यापेक्षा ती कोणत्या ग्रेव्हीत होती, हे विचारणे म्हणूनच अधिक उपयोगाचे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या मखनी ग्रेव्हीस सर्व जण अस्सल भारतीय समजतात, तिच्यातील टोमॅटो, काजू आणि लाल मिरची ही तिन्ही द्रव्ये मूळची अमेरिका खंडातील. बृहत्त्रयीत ती असणे शक्यच नाही. त्यांचे गुणकर्म रस, वीर्य, विपाक आणि प्रत्यक्ष अनुभव यांवरूनच आपणांस ठरवावे लागते. आंबट टोमॅटो, तिखट मिरची आणि गुरू-स्निग्ध काजू एकत्र आले की अम्लपित्ताच्या रुग्णास काय होईल, याचे उत्तर मात्र आपल्या शास्त्रात स्पष्ट आहे.

दाल मखनीचेही तसेच. फाळणीनंतर दिल्लीतील दर्यागंजात सुरू झालेल्या ‘मोती महल’मुळे तंदुरी व मखनी पदार्थांची ख्याती देशभर पसरली. दाल मखनी व बटर चिकन प्रथम कोणी केले, हा वाद २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. आपल्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. या डाळीचा मुख्य घटक अख्खा उडीद. चरकाचार्यांनी शमीधान्यांतील अपथ्यतम म्हणून माषाचीच गणना केली आहे. त्यात राजमा, लोणी, क्रीम व टोमॅटो यांची भर. आणि सेवनाची वेळ रात्री साडेनऊची. त्यासोबत नान, म्हणजे मैद्याचे, दही व खमीर अथवा सोडा घालून फुगविलेले पिष्टान्न. सोमवारची जळजळ कोठून येत होती, हे आम्हांस त्या टेबलावर समजले.

अष्ट आयतनांची कसोटी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील अष्ट आहारविधिविशेषायतने आपण सर्वांनी पाठ केलेली आहेत. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. परीक्षेनंतर त्यांचा उपयोग क्वचितच होतो. मेनूकार्ड समोर ठेवून ती लावून पाहिल्यास सल्ला आपोआप सुचू लागतो.

‘प्रकृती’ म्हणजे द्रव्याचे स्वाभाविक गुण. पिवळी मूगडाळ उडदाहून लघू, म्हणून दाल मखनीऐवजी मुगाची दाल किंवा दालखिचडी. ‘करण’ म्हणजे संस्कार. तळलेल्यापेक्षा तंदुरात भाजलेले बरे. नानापेक्षा कणकेची तंदुरी रोटी बरी. ‘संयोग’ हे तर या मेनूकार्डाचे मर्मस्थान. मासे व दूध यांचा विरोध शिकविताना विद्यार्थी हसतात, ‘असे कोण खातो?’ म्हणतात. मलई फिश टिक्का हा पदार्थ त्यांनी पाहावा. हनी चिली पोटॅटोत मधाला उष्णतेचा संस्कार होतो. फळांचे तुकडे घातलेले क्रीम आणि गरम गुलाबजामवर आइस्क्रीम ही आणखी उदाहरणे. अर्थात विरुद्धाहारही तरुण, दीप्ताग्नी व व्यायामशील व्यक्तीस, तसेच सात्म्य झालेला अथवा अल्प प्रमाणात घेतलेला असता फारसा बाधत नाही, हेही चरकांनीच सांगून ठेवले आहे. म्हणून नातवाने खाल्ले ते आजोबांनी खावे असे नाही, आणि आजोबांना वर्ज्य म्हणून नातवास धाक घालावा असेही नाही.

‘राशी’संबंधी शास्त्राची सूचना अत्यंत व्यवहार्य आहे. गुरू पदार्थ तृप्तीच्या एकतृतीयांश अथवा अर्ध्यापर्यंतच घ्यावेत. येथे कॅलरीचा हिशेब शोधणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. मेनूवर उष्मांक छापण्याचे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०२० चे विनियम केंद्रीय परवाना असलेल्या अथवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना लागू आहेत. वसाहतीतील एकट्या रेस्तराँस ते सहसा लागू होत नाहीत. तेथे रुग्णाची भूक व वैद्याचा शब्द हीच मोजमापे.

‘काल’ हा आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. त्या कुटुंबाचे टेबल दर शनिवारी नऊसाठी राखून ठेवलेले असे. जेवण येईपर्यंत साडेनऊ, उठेपर्यंत अकरा, घरी जाऊन लगेच निद्रा. रात्री दह्याचा निषेध आपण जाणतो, तरी रायता टेबलावर असतोच. ‘उपयोगसंस्थे’त उष्ण, स्निग्ध, मात्रावत्, पहिले जीर्ण झाल्यावर, फार घाई वा फार विलंब न करता व मन लावून जेवावे असे नियम आहेत. न बोलता जेवावे असाही एक आहे. तो येथे पाळला जाणार नाही, आणि या कुटुंबाच्या बाबतीत तो पाळला जावा असे आम्हांसही वाटले नाही. भूक नसता केवळ वाट पाहताना खाल्लेले स्टार्टर व मसाला पापड मात्र टाळता येतात.

काय बदलले

त्या रात्री आम्ही टेबलावरील कोणासही काही वर्ज्य केले नाही. पुढील भेटीत गृहस्थांना जुन्या पत्रकाऐवजी चार ओळी लिहून दिल्या. टेबल साडेसातचे घ्यावे. लाल ग्रेव्हीचे पदार्थ, दाल मखनी, रायता व नान घेऊ नये. कमी तिखट मूगडाळ, तंदुरी रोटीवर तूप, थोडा जिरा राईस चालेल. बर्फाचे पाणी नको. साधे पाणी जेवताना घोट-घोट. गोड हवेच असेल तर मूगडाळीच्या हलव्याचे दोन चमचे, आणि तेही प्रथम.

शेवटच्या ओळीने वेटर गोंधळला, असे त्यांनी नंतर सांगितले. गोड आधी मागणारे गिऱ्हाईक त्याने पाहिले नव्हते. भोजनाच्या आरंभी मधुर, मध्ये अम्ल-लवण व शेवटी इतर रस, हा सुश्रुतोक्त क्रम त्यास कोणी सांगावा! आम्ही लिहून दिलेला मेनू सर्वांसाठी नाही, हेही नमूद करतो. ग्रहणीच्या रुग्णास आम्ही हिंग-जिरे लावलेला मठ्ठा आवर्जून सुचवू. अम्लपित्तात तोच नको. उपयोक्ता बदलला की पत्रक बदलले पाहिजे.

दोन महिन्यांत सोमवारच्या तक्रारी पुष्कळ कमी झाल्या आणि वाढविलेली औषधे आम्ही क्रमाने उतरविली. यात चमत्कार काहीही नाही. निदानपरिवर्जन प्रथम, एवढेच.

औषधालयचालकांसाठी

आमचे एक स्नेही औषधालय चालवितात. त्यांच्या अनुभवानुसार पाचक चूर्णे व वट्यांची मागणी सोमवारी सकाळी सर्वाधिक असते. पुडी हातात देण्यापूर्वी काय खाल्ले व किती वाजता, एवढे दोन प्रश्न विचारावेत, अशी विनंती आहे. हिंग्वाष्टक चूर्ण जेवणाच्या पहिल्या घासासोबत तुपातून घ्यावयाचे असते. बहुतेक ग्राहक ते जेवणानंतर पाण्यासोबत घेतात आणि गुण नाही म्हणून तक्रार करतात. लवणभास्करात लवणद्रव्ये भरपूर असल्याने रक्तदाबाच्या रुग्णाने दर आठवड्यास स्वतःच्या मनाने ते घेणे योग्य नाही. तसेच जळजळ होत असता उष्ण-तीक्ष्ण पाचक देणे म्हणजे दाहात भर घालणे होय. अशा ग्राहकास वैद्याकडे पाठविण्यात विक्री एका पुडीने कमी होईल, परंतु विश्वास वाढेल.

समारोप

सोमेश्वराच्या मानसोल्लासात अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. क्षेमशर्म्याचे क्षेमकुतूहल, रघुनाथसूरीचे भोजनकुतूहल हे ग्रंथ तर पाकशास्त्र व वैद्यक यांची सांगड घालूनच रचलेले आहेत. आपल्या काळातील पदार्थ नावानिशी ओळखून त्यांचे गुणदोष सांगणे, हे त्या विद्वानांस कमीपणाचे वाटले नाही. आपणही आपल्या वसाहतीतील एका रेस्तराँचे मेनूकार्ड आणून, अष्ट आयतनांच्या कसोटीवर त्याचे एक पान तयार करावे, असे सर्व वैद्यबंधू-भगिनींना आम्ही सुचवू इच्छितो. एका दुपारचे काम आहे.

गेल्या महिन्यात ते गृहस्थ ठरलेल्या दिवसाआधीच आले. ‘शनिवारी मुलाचा वाढदिवस होता. अर्धी वाटी दाल मखनी खाल्ली, एक नानही. काल जळजळ झाली,’ त्यांनी बसताक्षणीच सांगितले. आम्ही दोन दिवसांचे लघू पथ्य दिले. औषध वाढविले नाही. पाच महिने जो इतिहास आम्हांस मिळाला नव्हता, तो आता न विचारता मिळाला होता. पथ्यपत्रकाच्या तळाचे ते वाक्य आम्ही खोडून टाकले आहे. त्या जागी आता ‘बाहेर जेवल्यास काय जेवलात ते अवश्य सांगावे’ असे छापले आहे.