ओसीआय कार्ड: हक्क किती, मर्यादा कोणत्या?

भारतीय राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की अनुच्छेद 9 आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपते. ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ (ओसीआय) हा 2005 पासून मिळू लागलेला दर्जा अशा भारतीय वंशाच्या लोकांसाठी आहे. नावात ‘सिटिझन’ असले तरी ते नागरिकत्व नव्हे. जुने पीआयओ (भारतीय वंशाची व्यक्ती) कार्ड 2015 मध्ये यातच विलीन झाले.

कार्डधारकाला आजीवन व्हिसा मिळतो, पोलिसांकडे नोंदणी करावी लागत नाही. घर घेता येते. शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळे विकत घेता येत नाहीत. मतदान, निवडणूक आणि सर्वसाधारणपणे सरकारी नोकरी वर्ज्य. पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण यांसाठी पूर्वपरवानगी लागते. पाकिस्तान वा बांगलादेशाच्या नागरिकत्वाशी संबंध असल्यास हे कार्ड मिळत नाही.

गोव्यात या नियमांची झळ घरोघरी पोहोचली. 1961 पूर्वीच्या पोर्तुगीज राजवटीतल्या जन्मामुळे अनेक गोवेकरांनी आणि त्यांच्या वंशजांनी पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवले. पुढे काहींचे भारतीय पासपोर्ट समर्पणाऐवजी रद्द झाले. समर्पण प्रमाणपत्राअभावी ओसीआयचा अर्जही अडला. माणसे आपल्याच गावात परकी ठरत होती. 2024 मध्ये केंद्राने पासपोर्ट रद्द झाल्याचा दाखलाही ग्राह्य धरला, हे योग्यच झाले.