नंदीला तेल लावताय? जरा थांबा!

तान्हा पोळा म्हणजे काय, हे ऑफिसातल्या विदर्भाबाहेरच्या कलीग्जना समजावणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरंटोरं नटूनथटून लाकडी नंदी ओढत निघतात, घरोघरी ओवाळून घेतात आणि बोजारा म्हणून मिळालेले पैसे खिशात घालतात. बस्स, एवढंच! पण आमच्या मारेगावात काय किंवा वणी-पांढरकवड्यात काय, ज्या घरात चाकं लावलेला नंदी नाही, त्या घरात लहान मूल आहे असं कुणी मानतच नाही.

हल्ली हे नंदी चकचकीत रंग मारून मिळतात. दिसायला सही, पण माझी भाची दोन वर्षांची आहे आणि या वयात जगाची ओळख तोंडातूनच होते. नंदीची शिंगं आधी चाखली जाणार, मग ओढली जाणार. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या वर नको, असा नियम आपल्याकडे 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झालाय. पण बाजारातल्या नंदीवर कुठल्या डब्यातला रंग बसलाय, हे विचारणार कुणाला? म्हणून मी गावच्या वाढईकडून कोरा, बिनरंगाचा सागवानी नंदी करून घेतला. सागाला आमच्याकडे तोटा नाही. 2023मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं, तेही शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहूनच.

आता प्रश्न, त्याला लावायचं काय? तेल, यावर घरात सगळ्यांचं एकमत. कुठलं तेल, यावर मात्र तीन पक्ष! आजी म्हणाली खोबरेल. मामा म्हणाले करंजाचं लाव, कीड लागत नाही. मावसभावाने नेटवरून 'टीक ऑइल'ची बाटली शोधून काढली.

तिघांचाही मान राखून सांगते, तिन्ही नापास.

फंडा साधा आहे. काही तेलं हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होतात, काही जन्मभर तेलच राहतात. लाकडावर फिनिश धरायचा तर पहिल्या जातीचं तेल हवं. रसायनशास्त्रात यासाठी 'आयोडीन व्हॅल्यू' नावाचा आकडा असतो. तो साधारण 130च्या वर असेल तर तेल वाळतं. खोबरेल जेमतेम दहाच्या आसपास, शेंगदाणा नव्वदीत, करंज ऐंशी-नव्वदीत. ही तेलं लाकडावर ओशट राहतात, धूळ धरतात आणि त्यातली काही थोड्या दिवसांनी खवट वासही मारायला लागतात. करंजात कीटकांना न मानवणारी द्रव्यं असतात, त्यामुळे मामांचं म्हणणं अगदीच हवेत नव्हतं. पण करंज कडू असतं आणि पोटात जाण्यासाठी ते नाहीच. बंडीला लावा खुशाल, खेळण्याला नको. आणि टीक ऑइल? ते सागापासून निघतच नाही! बहुतेक बाटल्यांत जवसासारखं एखादं वाळणारं तेल, थिनर आणि थोडं व्हार्निश असं मिश्रण असतं. नाव तेवढं सागाचं.

मग पास कोण? करडई बऱ्यापैकी, 140च्या घरात. आणि बोर्डात पहिलं आपलं जवस, आकडा 170च्याही वर. म्हणजे ज्याची चटणी भाकरीबरोबर खात आम्ही वाढलो, तेच. गंमत बघा, जिमवाले ज्या ओमेगा-थ्रीसाठी फ्लॅक्ससीड ऑइलच्या महागड्या बाटल्या घेतात, तेच ओमेगा-थ्री लाकडावर ऑक्सिजन पकडून घट्ट होतं. क्रिकेट खेळणाऱ्यांना हे नवीन नाही. नव्या बॅटला चोळतात ते हेच तेल.

खरेदी करताना मात्र डोळे उघडे ठेवा. रंगाच्या दुकानात लिनसीड ऑइल म्हणजेच बेलतेल मागितलं की बरेचदा 'डबल बॉइल्ड' हातात पडतं. नुसतं उकळलेलं असेल असं वाटतं ना? त्यात बहुधा लवकर वाळावं म्हणून कोबाल्ट, मँगनीजसारख्या धातूंचे क्षार घातलेले असतात. बुकशेल्फला ठीक आहे, दिवसभरात काम होतं. खेळण्याला, पोळपाटाला, सॅलडच्या बोलला मी ते लावणार नाही. तिथे घाण्याचं, खायचं, कच्चं जवसाचं तेल. आमच्याकडे ते घाण्यावर सहज मिळतं.

आता कृती. आधी पॉलिश पेपर, 120 नंबरपासून 220पर्यंत, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. मग ओल्या फडक्याने पुसायचं. लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात, वाळल्यावर 220चा हलका हात पुन्हा फिरवायचा. ही पायरी गाळलीत तर पहिल्यांदा पाणी सांडेल तेव्हा नंदी खरखरीत होईल. सागाचं स्वतःचं तेल वर येऊन जवसाला वाळू देत नाही, म्हणून घासल्या घासल्या लगेच तेल लावलेलं बरं. तेलाची बाटली गरम पाण्यात पाच मिनिटं धरा (गॅसवर नको, प्लीज!), तेल पातळ होतं, छान मुरतं. सुती कापडाने लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मग वर उरलेलं सगळं पुसून काढा. सगळं म्हणजे सगळं. ही खरी परीक्षा. आणखी थोडं राहू दे, चमक येईल, असं वाटतं. चमक येत नाही, चिकट साय येते आणि ती खरवडूनच काढावी लागते.

असे तीन-चार हात. आणि दोन हातांत किमान आठवडाभर. कच्चं तेल धीराने वाळतं, पावसाळ्यात तर आणखीनच. पोळा येतो श्रावणाच्या अखेरीस, म्हणजे ऐन दमट हवेत. मी मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना सुरुवात केली आणि शेवटच्या हातानंतर महिनाभर नंदी फळीवर ठेवून दिला. डेडलाइनवाल्या माणसांना हे जड जातं, मान्य.

सगळीकडे तेलच लावा असं मात्र मी म्हणणार नाही. गरम चहाच्या कपाचा गोल डाग तेलाच्या फिनिशवर पडतोच. मुंबईच्या दमट फ्लॅटमधलं डायनिंग टेबल असेल तर गुमान पीयू पॉलिश करून घ्या. तेलाची खरी मजा हातात धरायच्या वस्तूंत. लाकूड लाकडासारखं लागतं, आणि ओरखडा पडला तर तेवढ्याच जागेवर पेपर मारून थेंबभर तेल चोळलं की झालं. पॉलिशवाल्याला फोन नको.

आणि आता ती गोष्ट, जी आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती. तेल पुसलेली फडकी! जवस वाळताना उष्णता बाहेर टाकतं. पसरलेल्या कापडातून ती निघून जाते, पण चुरगाळून कोपऱ्यात टाकलेल्या बोळ्यात साचत जाते आणि काही तासांत तो बोळा काडी न लावता पेट घेऊ शकतो. फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीला 23 फेब्रुवारी 1991च्या रात्री आग लागली ती अशाच, लाकडी पॅनल्सना तेल लावणाऱ्या कामगारांच्या फडक्यांमुळे. बाविसाव्या मजल्यावर ती पेटली. अग्निशमन दलाचे तीन जवान गेले.

तेव्हा काम संपलं की फडकी धुण्याच्या बादलीत नको, डस्टबिनमध्ये नको, सिंकखालच्या पिशवीत तर नकोच नको. बाल्कनीच्या कठड्यावर एकेक सुटं पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर त्या सवयीने सगळी गोळा करून एकाच पिशवीत कोंबतील.