उधारीचे पोते

‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली असेल. उधार घेणाऱ्याच्या पदरात माल कमीच पडतो, असा तिचा अर्थ. पण उधार देणाऱ्याचंही पोतं रितं होतं, हे मी आमच्या घरात पाहिलं.

अंबरनाथला माझ्या वडिलांचं दोन लेथ मशीनचं वर्कशॉप होतं. कामाला तोटा नव्हता, पण बिलं सुटत नसत. वडील भिडस्त. पैसे मागायला गेले की चहा पिऊन परत येत. शेवटी मशीन विकावी लागली.

मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो आणि पोटासाठी उल्हासनगरच्या कापडबाजारात हिशेब लिहू लागलो. हे गावच पतीवर उभं राहिलेलं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. १९४९ साली वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं. तारण ठेवायला हाती फारसं काही नव्हतं, पण व्यापाराची रीत सोबत होती. सिंधमधल्या शिकारपूरच्या सराफांच्या हुंड्या मध्य आशियापर्यंत चालत. मुदतीच्या हुंडीवर रक्कम आणि मुदत लिहिलेली असे. विश्वास होता, पण तो कागदावर होता.

आमच्या शेठजींची पद्धत साधी होती. नव्या गिऱ्हाइकाशी पहिले व्यवहार रोखीने. मग थोडी उधारी, तीही मर्यादा ठरवून. पैसे वेळेवर आले तर मर्यादा वाढवायची. मागची बाकी थकली तर पुढचा माल नाही. आणि मुदत संपण्याआधीच एक आठवण. ते म्हणत, आधी विचारलं तर चौकशी, नंतर विचारलं तर तगादा.

हिशेब पाहा. महिन्याला लाखाचा माल आणि नव्वद दिवसांची उधारी, म्हणजे तुमचे तीन लाख कायम दुसऱ्याच्या धंद्यात. शेकडा दहा नफ्याच्या धंद्यात पन्नास हजार बुडाले, तर ते भरून काढायला पाच लाखांचा नवा माल विकावा लागतो.

आज लहान कारखानदाराला कायद्याचाही आधार आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सुलभीकरण परिषदेकडे करता येते. साध्या थकबाकीच्या दाव्याची मुदत मात्र सर्वसाधारणपणे तीन वर्षं. ती उलटण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी बाकी कबूल केली, तर मुदत नव्याने सुरू होते. म्हणून दरवर्षी बाकीवर सही घ्यावी.

कुराणातली सर्वांत लांब आयत उधारीच्या व्यवहाराबद्दलच आहे. मुदत ठरवा, लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असं ती सांगते. वडिलांना ती पाठ होती. पण ओळखीच्या माणसाकडे सही कशी मागायची, या संकोचात त्यांनी कधी कागद केला नाही.

धाकट्या भावाने आता बदलापूरला लेथ टाकली आहे. त्याच्या प्रत्येक चलनावर माल घेणाऱ्याची सही आणि तारीख असते. गिऱ्हाइकं रागावली नाहीत. उलट मागच्या दिवाळीला दोन वाढली.