स्वस्त विमानें शहरापासून दूर कां उतरतात?

ज्या घरचीं मुलें शिक्षणाच्या अथवा नोकरीच्या निमित्तानें युरोपांत राहात आहेत, त्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींना एक अनुभव बहुधा येतो. सुटींत पॅरिस, ब्रसेल्स, मिलान पाहण्याचा बेत ठरतो. चिरंजीव आश्चर्य वाटावें इतक्या थोडक्या पैशांत तिकिटें काढतात. आणि पॅरिसचें म्हणून घेतलेलें विमान उतरतें तें पॅरिसपासून सुमारें ८० किलोमीटर दूर असलेल्या बोव्हे या गांवीं! ब्रसेल्सचें विमान शार्लरॉय येथें थांबतें, तर मिलानचें बेर्गामो येथें. पुण्याचें तिकीट काढून दौंडास उतरावें, तसाच हा प्रकार. यांत कोणाला लबाडी दिसेल. परंतु तिच्या मागें एक चोख व्यापारी हिशेब आहे, आणि तो प्रत्येक गृहस्थानें समजून घेण्यासारखा आहे.

विमानाचा वेळ हेंच भांडवल

विमान आकाशांत असतें तेव्हांच तें मिळवतें. जमिनीवर उभें असतें तेव्हां त्याचे हप्ते, विमा व देखभाल हीं मात्र चालूच राहतात. सव्वा तासाचा एक प्रवास घेऊं. उतरलेलें विमान पंचवीस मिनिटांत पुन्हां उडालें, तर सोळा तासांच्या दिवसांत त्याच्या नऊ फेऱ्या होतात. तेंच एक तास खोळंबलें तर सातच. विमानांत १८९ आसनें धरलीं, तर दोन फेऱ्यांच्या फरकानें दिवसाकाठीं ३७८ आसनें विकावयास अधिक मिळतात. आणि तींही नवें विमान न घेतां!

आतां मोठ्या विमानतळावर पंचवीस मिनिटांत निघणें किती कठीण, तें पाहा. तेथें उतरण्यासाठीं आकाशांत घिरट्या घालाव्या लागतात, उतरल्यावर बराच वेळ जमिनीवर धांवावें लागतें, आणि उड्डाणासाठीं पुन्हां रांग. शिवाय उतरण्या-उडण्याच्या वेळा आधींच वांटून दिलेल्या असतात. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर धांवपट्ट्या दोनच. तेथील नेमलेल्या वेळा जुन्या कंपन्या जिवापाड जपतात, कारण मिळालेल्या वेळांपैकीं शेंकडा ८० तरी वापरल्या नाहींत तर पुढील हंगामांत त्यांवरील हक्क जातो. नव्या कंपनीला सोयीची वेळ मिळावयाची कोठून? आडबाजूच्या तळावर मात्र धांवपट्टी मोकळीच पडलेली असते.

दुसरें कारण असें कीं, मोठा विमानतळ हें एक जंक्शनच असतें. मनमाडास गाडी बदलावी, त्याप्रमाणें प्रवासी तेथें विमान बदलतात. त्यांचें सामान एका विमानांतून दुसऱ्यांत चढवावें लागतें, आणि एक विमान उशिरा आलें कीं दुसरें खोळंबतें. स्वस्त कंपन्या या भानगडींत मुळीं पडतच नाहींत. या गांवाहून त्या गांवीं नेऊन सोडणें, एवढाच त्यांचा सौदा. ज्यांना जंक्शनची गरज नाहीं, त्यांनीं जंक्शनचें भाडें कां भरावें?

डॅलसचा धडा, आयर्लंडचा कित्ता

या पद्धतीचा उगम अमेरिकेंत टेक्सास प्रांतांत झाला. साउथवेस्ट नांवाची कंपनी १९७१ सालीं डॅलस, ह्यूस्टन व सॅन अँटोनियो या तीन शहरांदरम्यान विमानें चालवूं लागली. त्याच वर्षीं तिनें ह्यूस्टनचीं कांहीं विमानें दूरच्या नव्या विमानतळावरून हलवून शहराजवळच्या जुन्या हॉबी विमानतळावर नेलीं. १९७४ मध्यें डॅलसजवळ प्रचंड नवा विमानतळ सुरू झाला व इतर कंपन्या तिकडे गेल्या. साउथवेस्ट मात्र कोर्टांत भांडून जुन्या लव्ह फील्डवरच राहिली. मध्यंतरीं, १९७२ सालीं, पैशाच्या तंगीमुळें तिला चारांपैकीं एक विमान विकावें लागलें होतें. तेव्हां चार विमानांचें काम तिघांकडून करून घेण्यासाठीं तिनें अवघ्या दहा मिनिटांत विमान परत उडविण्याची शिस्त लावली. अडचणींतूनच युक्ति सुचते, ती अशी! येथें ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, साउथवेस्टनें निवडलेले तळ दुय्यम असले तरी शहराच्या अधिक जवळ होते.

आयर्लंडच्या रायनएअर कंपनीनें हा कित्ता गिरविला. पण युरोपांत त्याचें रूप पालटलें. १९९७ पर्यंत युरोपीय संघानें विमानवाहतुकीवरील जुनीं बंधनें काढून टाकलीं, आणि संघांतील कोणत्याही कंपनीला संघांत कोठूनही कोठेंही विमान नेण्याची मोकळीक मिळाली. शहराजवळचे तळ गजबजलेले होते. म्हणून रायनएअरनें दूरचे, ओस पडलेले तळ शोधले. जर्मनींतील हान हा अमेरिकन हवाईदलाचा तळ १९९३ सालीं रिकामा झाला होता. फ्रँकफुर्टपासून तो सुमारें १२० किलोमीटर दूर. १९९९ पासून रायनएअर तेथें उतरूं लागली, आणि "फ्रँकफुर्ट-हान" या नांवानें तिकिटें विकलीं जाऊं लागलीं!

बचत कोणाच्या खिशांतून?

अशा तळाला प्रवासी हवे असतात. प्रवाशांच्या पाठोपाठ दुकानें, बसगाड्या व रोजगार येतात. म्हणून तेथील सरकारें कंपनीला सवलती देतात. शार्लरॉय येथें २००१ सालीं बेल्जममधील वालोनिया प्रांताच्या सरकारनें रायनएअरला विमान उतरविण्याच्या आकारांत मोठी सूट दिली. २००४ मध्यें युरोपीय आयोगानें या सवलतींचा कांहीं भाग बेकायदा ठरविला. २००८ मध्यें युरोपीय न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. वाद कायद्याचा असला तरी मूळ प्रश्न साधा आहे: स्वस्त तिकिटाचा कांहीं भार करदात्यानें उचलावा काय?

आणि पाहुणा रुसला म्हणजे? २००३ सालीं स्ट्रासबुर्ग येथील न्यायालयानें तेथील सवलती बेकायदा ठरवितांच रायनएअरनें आपलें लंडनचें विमान उचललें व ऱ्हाइन नदीपलीकडे जर्मनींतील बाडेन येथें नेलें. हान येथें २००७ च्या सुमारास वर्षाला सुमारें चाळीस लाख प्रवासी येत असत; पुढें ती संख्या ओसरली, आणि २०२१ मध्यें तळ चालविणाऱ्या संस्थेला दिवाळें जाहीर करावें लागलें. स्वतः रायनएअर मध्यंतरीं, २०१४ मध्यें ब्रसेल्सच्या आणि २०१७ मध्यें फ्रँकफुर्टच्या मुख्य विमानतळावर जाऊन बसली होती. पैकीं फ्रँकफुर्टचा आकार न परवडल्यामुळें २०२२ मध्यें ती तेथून निघाली. व्यापारी तो व्यापारी! एकाच गिऱ्हाइकावर घर चालविणाऱ्या दुकानदाराची जी गत, तीच अशा गांवाची होते.

आपल्या देशांत हा प्रकार आजवर फारसा दिसला नाहीं, कारण बहुतेक शहरांना विमानतळच एक. स्वस्त कंपनी आणि महाग कंपनी एकाच धांवपट्टीवर उतरत आल्या. आतां चित्र बदलत आहे. गोव्यांत दाबोळीच्या जोडीला मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ पासून, आणि मुंबईच्या जोडीला नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून वापरांत आला. हे हानसारखे अडगळींतले तळ नव्हेत. मोठें भांडवल ओतून ते नव्यानें उभारले आहेत. त्यामुळें "दुसरा विमानतळ म्हणजे स्वस्त" असें समीकरण येथें मांडूं नये. पणजीकराला अथवा पनवेलकराला कोणता तळ सोयीचा, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें आहे.

तेव्हां पुढील खेपेस तिकिटाचा आंकडा पाहून हुरळून जाण्यापूर्वीं कागदावर तीन आंकडे मांडावे: तळापासून मुक्कामापर्यंतचें दर माणशीं भाडें, सामानाचा वेगळा आकार, आणि जाण्यायेण्यांत मोडणारे तास. एकट्या विद्यार्थ्याला पाठीवरच्या पिशवीनिशीं बोव्हे स्वस्तच पडेल. परंतु आजीआजोबा, दोन लेकरें व चार बॅगा घेऊन मध्यरात्रीं उतरणाऱ्या कुटुंबाला तेंच तिकीट महागांत पडण्याचा संभव आहे. कंपनीनें आपला एक एक मिनिट मोजला आहे. आपणही आपले तास मोजावे, हाच या व्यवहारांतला शहाणपणा.