एक लॅपटॉप, विंडोज किती?

कतारच्या उत्तर टोकाला, मदिनत अश शमालला असतो. सुट्टीत गावी जाताना जुना लॅपटॉप भाच्यासाठी नेतो आपण. मग फोन येतो, "मामा, यातलंच विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकू?"

नाही रे बाबा! लॅपटॉपसोबत आलेला परवाना त्या लॅपटॉपलाच चिकटलेला. व्हर्च्युअल मशीन म्हणजे नियमानं वेगळं यंत्र. त्याला वेगळा परवाना. ड्युअल-बूटला दुसरं विंडोज टाकलं, तरी तेच. मॅकवर मात्र चाचणी किंवा घरगुती वापरासाठी मॅकओएसच्या आणखी दोन व्हर्च्युअल प्रती चालतात.

शिकायला पैसे नाहीत म्हणून पोरं चोरटी 'की' शोधतात, सोबत व्हायरस घेतात. त्यापेक्षा शेजारी उबुंटू किंवा डेबियन टाकून द्या. कितीही मशीन बनवा, परवाना फुकट!