दत्तकमुक्तीचा आदेश आणि जन्मदात्यांचा अपिलाचा हक्क

घाटावरच्या असोत की घाटाखालच्या, ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीच्या कामासाठी गाव सोडणारी कुटुंबे बुलढाणा जिल्ह्याला नवी नाहीत. अशा एखाद्या घरातील कर्ता पुरुष दगावतो किंवा निघून जातो. बाईच्या पदरी तान्हे मूल असते. कोणीतरी सुचविते, "मूल संस्थेत ठेव, निदान पोटभर जेवेल." ती कागदावर अंगठा उमटविते. मूल काही दिवसांसाठी ठेवले आहे, असे ती समजते. कागदावर मात्र ते कायमचे दिलेले असते. पुढे ती मूल मागावयास येते, तेव्हा तिला कोणता मार्ग उरतो? या प्रश्नाचे उत्तर वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांला वाटते.

मुलावरील आईवडिलांचा हक्क कायमचा संपविणारा निर्णय आपल्या देशात मुख्यतः बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार होतो. प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. तिच्यात एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. एखादे मूल दत्तक देण्यास कायद्याने मोकळे आहे, म्हणजेच 'दत्तकमुक्त' आहे, असे ही समिती जाहीर करते. त्यासाठी किमान तीन सदस्यांचा निर्णय लागतो. त्यानंतर मूल दत्तक गेले व दत्तकाचा आदेश झाला, की कायद्याच्या दृष्टीने जन्मदात्या कुटुंबाशी असलेले त्याचे नाते तुटते. म्हणून जे सांगावयाचे ते त्याआधी सांगणे महत्त्वाचे.

मूल समितीपुढे दोन प्रकारे येते. पहिला प्रकार स्वेच्छेने स्वाधीन करण्याचा. यात पालकांचे समुपदेशन व चौकशी झाल्यावर समितीसमोरच कागद केला जातो. त्यानंतर फेरविचारासाठी पालकांना दोन महिन्यांची मुदत मिळते. या मुदतीत मन बदलले तर अपिलाची गरजच नाही. समितीकडे अर्ज करावा. चौकशी करून मूल परत देण्याचा अधिकार समितीला आहे.

दुसरा प्रकार टाकून दिलेल्या वा सापडलेल्या मुलाचा. येथे पालकांचा शोध घेणे बंधनकारक आहे. मूल दोन वर्षांपर्यंतचे असेल तर दोन महिन्यांत, त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो.

पुष्कळ आईबाप पोलिसांच्या धास्तीने पुढे येत नाहीत. त्यांनी जाणून घ्यावे, की या चौकशीच्या काळात जन्मदात्या पालकांवर गुन्हा नोंदवू नये, असे याच कायद्याच्या ३८ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. परिस्थिती हाताबाहेर गेल्यामुळे मूल सोडावे लागले असेल, तर ते जाणूनबुजून सोडले असे कायदा मानीत नाही.

समितीचा आदेश झालाच, तर त्याविरुद्ध ३० दिवसांच्या आत बाल न्यायालयात अपील करता येते. उशिरास सबळ कारण असेल तर न्यायालय तो माफ करू शकते. त्यापुढे दुसरे अपील नाही. मात्र उच्च न्यायालय आदेशाची फेरतपासणी करू शकते. आपल्या जिल्ह्यासाठी ते म्हणजे नागपूर खंडपीठ होय. दत्तकाचा अंतिम आदेश सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आला. त्याविरुद्धचे अपील ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्यासाठी अमरावतीस, करावे लागते.

वेळेवर उठविलेला आवाज काय करू शकतो, हे केरळात दिसून आले. तेथील एका तरुण आईचे बाळ तिच्या संमतीवाचून दिले गेल्याची तिची तक्रार होती. बाळ परराज्यातील दांपत्याकडे पोहोचलेही होते. परंतु दत्तकाचा अंतिम आदेश झाला नव्हता. २०२१ साली तिरुवनंतपुरमच्या कौटुंबिक न्यायालयाने ती प्रक्रिया थांबविली, जनुकीय चाचणी झाली आणि नोव्हेंबरमध्ये बाळ आईच्या कुशीत परतले. त्या दांपत्याचे दुःखही खरेच होते. आपल्या धर्मग्रामांतही अपत्याची आस लागलेली दांपत्ये आहेत. धर्म कोणताही असो, या कायद्यानुसार मूल दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले. जन्मदात्यांचे म्हणणे आधीच नीट ऐकले गेले, तर दत्तक घेणाऱ्यांच्या वाट्यालाही असा आघात येणार नाही.

वकिलाच्या फीची चिंता करू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया व बालकांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका न्यायालयातील समितीकडे अर्ज करावा. कागदाची प्रत मागून घ्यावी, त्यावरील तारीख पाहावी, दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. तोंडी विनवणीत दिवस निघून जातात व मुदत संपते.

केवळ दारिद्र्यापायी मूल देण्याची वेळ आली असेल, तर आधी मदतीची दारे ठोठवावीत. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचे साहाय्य २०२३ साली वाढवून प्रतिबालक दरमहा २,२५० रुपये करण्यात आले. एक पालक गमावलेल्या मुलांचाही तिच्यात समावेश आहे. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे याची चौकशी करावी.

आपल्यापैकी अनेक जण शाळा, वसतिगृहे, दवाखाने यांतून सेवा करतात. अडलेली आई प्रथम त्यांच्याकडेच येते. तिचे मूल परस्पर ओळखीच्या दांपत्याच्या ओटीत घालणे, हेतू कितीही चांगला असला तरी, गुन्हा आहे. तिला समितीकडे न्यावे. कागद तिच्या बोलीत वाचून दाखवावा. 'दिले' आणि 'ठेवले' यांतील फरक तिला समजला की नाही, हे तिच्याच तोंडून ऐकावे. अंगठा आधीच उमटला असेल, तर दोन महिने वा तीस दिवस यांपैकी किती उरले, हे तिच्यासोबत बसून मोजावे आणि त्याच दिवशी अर्ज लिहून द्यावा.