मध्यंतरातला बार

मध्यंतर म्हणजे बटाटावडा, हे माझं दादरचं वळण. लंडनमध्ये मी ज्या नाट्यगृहाच्या बारवर काम करते, तिथे मध्यंतरात लागते वाइन. वेळ जेमतेम वीस मिनिटं, त्यामुळे लोक पडदा उघडण्याआधीच ऑर्डर देऊन ठेवतात.

१८४३च्या कायद्याने इथे मजेशीर फाळणी केली होती. नाटक करायचं तर प्रेक्षागृहात पिणं बंद. टेबलावर दारू द्यायची तर गाणी-नकला करा, नाटक नको. म्युझिक हॉल त्यातूनच फोफावले.

आता इंग्लंड-वेल्समध्ये २००३चा कायदा चालतो. परवाना स्थानिक कौन्सिल देतं. शिवाय दारूविक्रीला जबाबदार अशी एक व्यक्ती नावानिशी नेमावी लागते, आणि तिच्याकडे स्वतःचा वेगळा परवाना हवा. गंमत अशी की २०१३पासून ५०० प्रेक्षकांपर्यंत, सकाळी ८ ते रात्री ११, नाटकाला परवानाच लागत नाही. म्हणजे 'हॅम्लेट' खुशाल करा, बिअरची एक बाटली विकायची तर मात्र कागद दाखवा! हौशी मंडळींना कौन्सिलला तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना देऊन भागवता येतं: शुल्क २१ पौंड, कलाकार धरून माणसं ४९९, मुदत फार तर १६८ तास.

वाइन १२५ मिलिलिटरच्या मापातही मिळायला हवी, नळाचं पाणी फुकट. झिंगलेल्याला विकणं गुन्हा, मग त्याचं तिकीट कितीही महागाचं असो. वयाची अट १८. मुंबईहून आलेला भाचा खूश झाला. महाराष्ट्रात कडक दारूसाठी त्याला २५ पूर्ण व्हावी लागतील. तरी ओळखपत्र मी त्याच्याकडेही मागितलंच.